झाकला तर देव, उघडला तर विटाळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गर्भाशय आहे. हा शब्द कानी पडताच ज्यांनी मान खाली घातली किंवा शेजाऱ्यास कोपर मारून हसू दाबले, त्यांनी माझी हकिगत येथेच सोडून द्यावी. असली तोंडे पाहण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. उरलेले मला त्या कामी घालवावयाचे नाही. जे अजून बसून आहेत, त्यांसच मी मित्र म्हणतो. तुम्ही प्रत्येक जण माझ्यासारख्याच, परंतु जिवंत अशा एका कोठडीत कित्येक महिने राहून आलेले आहात. तेथे तुम्हांस अन्न मिळाले, ऊब मिळाली. आणि बाहेर येताच त्या घराचे नाव घेण्याचीही तुम्हां माणसांना लाज! धर्मशाळेत एक रात्र काढणारा वाटसरू तरी जाताना ओटा झाडून जातो.

मी कोठून आलो असे घरी विचाराल तर सांगतात, "तुला कोंडा देऊन बोहारणीकडून घेतला." आपल्या जन्माची किंमत पसाभर कोंडा ठरवणारी ही जात मला ज्ञानी वाटत नाही, याबद्दल मला दोष देऊ नका.

माझा जन्म रत्नागिरीचा. भाट्याच्या बाजूस एका परसात फणसाचे झाड वादळात पडले. त्याच्या खोडाचे पाट झाले, देव्हारा झाला आणि उरलेल्या ओंडक्यातून मी झालो. मला घडवणारा महिपत सुतार. मला घडवून घेणाऱ्या डॉक्टरीण यमुनाबाई. त्या बालविधवा, भावाने हट्टाने शिकवल्या आणि शिकून पुन्हा आपल्याच गावी आल्या. बंदराच्या वाटेवर एक लहान दवाखाना होता. तेथे त्या गावोगावच्या सुइणींचा वर्ग घेत. पुस्तकातील चित्र सुइणींना कळेना, म्हणून त्यांनी महिपतास बोलावले आणि ते चित्र त्याच्यापुढे धरले.

महिपताने मान वाकडी करून पाहिले. "बाई, ह्ये उलटं बोंडू कसलं म्हणायचं?"

काजूचे बोंडू उलटे धरले की वर रुंद आणि खाली निमुळते दिसते. माझा आकार खरोखरच तसा आहे.

"महिपत, ह्यात तू होतास."

"मी?"

"तू, मी, आणि तुझा तो जहागीरदारासारखा मिरवणारा मेहुणा. सगळे."

महिपताने पटाशी उचलली. मग तिला धार लावीत एवढेच बोलला, "मग नीटच कराया हवं." आजवर पुरुषांच्या तोंडून मी जी वाक्ये ऐकली, त्यांत हे एकच मला जपून ठेवावेसे वाटले. बाकीची मी ऐकली आणि सोडून दिली.

त्याने मला मधोमध चिरून दोन अर्धे केले व पितळी बिजागरीने जोडले. वरच्या दोन्ही कोपऱ्यांस कळकाच्या बारीक नळ्या बसवल्या. यमुनाबाईंनी माझ्या पोटात तांबड्या बनातीचे, म्हणजे लोकरी कापडाचे, जाड अस्तर स्वतः शिवले. शेवटी नाचणीचा एक दाणा आणला. "खरा याहूनही बारीक असतो," असे त्या सुइणींना सांगत, "पण तुम्हांला दिसायला तर हवा."

तो दाणा म्हणजे गर्भ. आता त्याची वाटचाल ऐका, कारण तुम्हांस ती कोणी सांगणार नाही. स्त्रीचे बीज व पुरुषाचे बीज यांची गाठ माझ्या पोटात पडत नाही. ती वरच्या नळीत पडते. तेथून गर्भ सावकाश खाली सरकतो. सरकता सरकता एकाचे दोन, दोहोंचे चार असा आतल्या आत वाढतो. माझ्या पोकळीत उतरला तरी तो लगेच कोठे टेकत नाही. थोडा काळ तसाच तरंगत राहतो. तोवर माझ्या भिंतीचे अस्तर त्याच्यासाठी जाड व मऊ झालेले असते, रक्ताने भरलेले असते. मग तो त्या अस्तरास चिकटतो. एवढ्यावर थांबत नाही. अस्तर पोखरून आत शिरतो, स्वतःस पुरून घेतो आणि वरून अस्तर पुन्हा मिटते. तेथे तो मुळे सोडतो व आईच्या रक्तावर जगू लागतो. यास रुजणे म्हणावे. गर्भ आलाच नाही किंवा रुजला नाही, तर ते अस्तर गळून जाते. महिन्याचा विटाळ म्हणतात तो हाच. कधी गर्भ वाटेत नळीतच रुजतो, आणि मग आईचे प्राण धोक्यात येतात. पुष्कळ गर्भ तर मुळीच रुजत नाहीत. त्यात कोणाचेही पाप नसते. परंतु पाप शोधल्यावाचून माणसांस जेवण जात नाही.

दवाखान्याच्या मंडळाचे मंत्री आप्पा होते. कलमांच्या मोठ्या बागेचे धनी आणि गावात मान. पहिल्याच दिवशी ते माझ्यासमोर आले व जणू उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली अशा रीतीने तोंड फिरवून उभे राहिले.

"बाई, ते... ते तुमचं उपकरण... ते झाकून ठेवा. भली मंडळी येतात जातात."

"आप्पा, तुम्हांला मुलं किती?"

"ईश्वरकृपेने सात."

"ती कृपा ह्याच वाटेने आली."

आप्पांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिले. दुसऱ्या दिवशी माझ्यावर एक पांढरा पंचा आला. हेच आप्पा आंब्याच्या कलमाविषयी प्रहर प्रहर बोलत. काडी खुंटाला कशी बसवावी, बांधून कशी ठेवावी, तिने जीव धरेपर्यंत तिला धक्का का लावू नये, हे सारे त्यांस मुखोद्गत होते. आंब्याची काडी खुंटावर कशी रुजते ते जाणावे आणि आपली सात मुले कोठे रुजली हे विचारल्यास मात्र तोंड फिरवावे! अशा ज्ञानाला मी कुंपणाबाहेरही उभे करणार नाही.

सुइणी तरी प्रथम कोठे शहाण्या होत्या? चिमा नावाची एक सुईण पहिल्या दिवशी डोळे गच्च मिटून बसली. दुसऱ्या दिवशी तिने एक डोळा उघडला. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या पोटात बोट घालून विचारले, "बाई, ह्यो दाणा पडत कसा न्हाय?" ज्यास असा प्रश्न पडतो, त्याचा मी तिरस्कार करीत नाही. प्रश्न न पडणाऱ्यांनी हा जिल्हा भरलेला आहे.

ही चिमा मिरजोळ्याच्या पलीकडच्या एका शेतकरी वाडीतली. त्या वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईस गिरणीत असत; शिमग्याला आणि गणपतीला तेवढे घरी येत. सखूबाईचा मुलगा भागोजी हा त्यांतलाच. त्याची बायको गोदा. लग्नाला बरीच वर्षे होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता, आणि त्याचा हिशेब अर्थातच गोदाच्या नावावर लिहिला जात होता. नवरा वर्षातून दोनदा घरी येतो, ही गोष्ट त्या हिशेबात कोणी धरीत नव्हते.

त्या वर्षी भागोजी शिमग्याला आला, पालखी नाचवली आणि पालखी देवळात गेल्यावर आगबोटीने परतला. तो गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी गोदाच्या लुगड्याला डाग दिसला. सखूबाईने तिला रीतीप्रमाणे बाहेर बसवले. मित्रांनो, ही रीत तुमच्या घरीही असेल. बाई पडवीच्या कोपऱ्यात बसते, तिला कोणी शिवत नाही, तिचे ताट वेगळे, तिचे पाणी वेगळे. घराच्या आतली एवढी खासगी गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास दिसेल अशी मांडून ठेवायची, आणि माझे नाव काढले की मात्र अब्रू जाते! गोदा बाहेर बसलेली वाडीने पाहिली. पोट रिकामे असल्याची ती जणू जाहीर दवंडीच झाली.

वैशाखात गोदाला ओकाऱ्या सुरू झाल्या. चिमाने तिला तपासले आणि आनंदाने सांगितले की दिवस गेले आहेत. तो आनंद सखूबाईच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, क्षणभरही टिकला नाही. भागोजी गेल्यानंतर ही बाहेर बसली होती. मग हे पोट कोणाचे?

वाडीचा गावकर, म्हणजे प्रमुख, रावजी हा सखूबाईच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याने चार म्हातारे जमवले व निकाल देऊन टाकला. सखाराम नावाचा त्यांच्या भावकीतला एक जण दुसऱ्या दिवशी मुंबईस निघणार होता. पावसाळ्यापूर्वीची ती शेवटची बोट. त्याच्याबरोबर भागोजीला निरोप जायचा की बायको बिघडली, तिला टाकली समज. गोदाचे आईबाप नव्हते. भावाने तिला दारात उभी केली नसती. एकदा बोट सुटली की पावसाळाभर दुसरा निरोप जाणार नव्हता, आणि तोवर ती पोटातल्या जिवासह कोठे असती, ते सांगण्यास समुद्र जवळच होता.

चिमा त्याच दुपारी दवाखान्यात धावत आली. यमुनाबाईंनी सारे ऐकून घेतले, छत्री उचलली आणि म्हणाल्या, "त्याला घे."

त्याला म्हणजे मला. चिमाने मला टोपलीत घातले, वरून आप्पांचा तो पांढरा पंचा पांघरला आणि टोपली डोक्यावर घेतली. मग वाटेवर जे घडले ते पाहून मला हसावे की थुंकावे ते कळेना. चिऱ्याच्या खाणीतले कामकरी हातातली हत्यारे खाली ठेवून माझ्यापुढे वाकले. एका म्हातारीने आपल्या अंबाड्यातली बकुळीची फुले काढून टोपलीत ठेवली.

"कुटची देवी गो, बाय?"

"सगळ्यांची," चिमा म्हणाली व चालत राहिली.

म्हातारी हात जोडून आमच्या मागोमाग वाडीपर्यंत आली.

रावजीच्या खळ्यात माणसे जमलीच होती. सखाराम गाठोडे बांधून मेढीला टेकून बसला होता. गोदा गोठ्याच्या बाजूला उभी होती. तिला बसायला कोणी सांगितले नव्हते. चिमाने टोपली खाली ठेवली, यमुनाबाईंनी पंचा काढला आणि माझी बिजागरी उघडली.

बायकांनी पदर तोंडाला लावले. रावजी थुंकला. "हा विटाळ माज्या खळ्यात? आंघोळ करावी लागंल आता!" आणि ती म्हातारी, मित्रांनो, तिने पुढे वाकून टोपलीतली आपली फुले एकेक करून परत उचलली. झाकलेला होतो तोवर मी देव होतो. उघडताच विटाळ झालो. माणसांच्या भक्तीची सारी खोली मला त्या दिवशी कळली. ती पंच्याइतकी जाड असते.

यमुनाबाईंनी दाणा नळीतून खाली सोडला, बनातीत बोटाने दाबला आणि पुरून दाखवला. मग रावजीकडे वळल्या.

"रावजी, लावणीला तुम्ही रोप चिखलात खोचता. खोचल्या जागी काय होतं?"

"काय व्हायचंय? रोप बसतं."

"आणि पाणी?"

"वायच पाणी वर येतंच."

"मग पूर आला म्हणून वाडी सोडून पळता का?"

पदराआडून कोणीतरी फिसकन हसले. रावजीने तिकडे डोळे वटारले.

"गर्भ अस्तरात शिरतो तेव्हा एखादीला असंच थोडं रक्त दिसतं. सगळ्यांना नाही दिसत. पण दिसतं. तो विटाळ नव्हे. तो रुजला त्याची खूण. गोदा, तुला नेहमीसारखं गेलं होतं का?"

गोदा खाली मान घालून म्हणाली, "दोन डाग. तेवढंच. मी बोलले सासूबायना. त्या बोलल्या, डाग तो डाग, बस बाहेर."

"बाई," रावजी म्हणाला, "तुमी शिकलेल्या. पर पुस्तकातलं आमच्या वाडीत चालत न्हाय. हिला बाहेर बसलेली सगळ्या वाडीनं बघितलान."

"बाहेर बसलेली पाहिलीत. तिच्या आत काय चाललं होतं ते पाहिलंत?"

"त्ये कुणाला दिसतंय? मी रोकडं इचारतो. आमच्या वाडीत ह्या अगोदर असं कोणा बाईला झालंय? डाग पण आणि पोट पण? बोला! हाय का कोण?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सखाराम उठला व गाठोडे काखेत मारू लागला. रावजीच्या मुद्रेवर असे समाधान पसरले की जणू त्याने वाघ मारला. एका उपाशी, ओकाऱ्या काढणाऱ्या पोरीपुढे चार म्हाताऱ्यांनी मिळवलेला विजय! मला तोंड असते तर मी त्याच्या पागोट्यावर थुंकलो असतो.

तेव्हा सखूबाई बोलली. आतापर्यंत गोदाला सर्वांत मोठ्याने शिव्या देणारी तीच होती.

"बस खाली, सखाराम."

"का गो काकी? बोट..."

"बस बोलतेय न्हवं!"

तो बसला.

सखूबाई माझ्याकडे पाहत होती. थुंकली नाही, पदरही लावला नाही. "मला झालंय," ती म्हणाली. "भागोजीच्या वेळी. त्याचा बापूस बोटीवर गेला आणि मागनं दोन डाग. मी बाहेर बसायला निघाले. माजी सासू बोलली, दोन डागांला कसला विटाळ, उठ, चुलीपाशी बस, आणि कुणाला बोलू नको. मी चूल केली. देवाचा निवेद पण केला."

खळ्यात एकच गलका उठला. विटाळशीने निवेद केला! रावजी ताडकन उभा राहिला. "वहिनी! काय बोलताय? म्हंजे भागोजी आमच्या दादाचा न्हाय म्हणताय? भर खळ्यात?"

"भावोजी," सखूबाई शांतपणे म्हणाली, "हात लावा तुमच्या कानाला."

रावजीच्या घराण्याचा डावा कान वरच्या कडेला पानासारखा दुमडलेला असे. त्याच्या बापाचा तसा, भावाचा तसा, त्याचा स्वतःचा तसा. आणि भागोजीचाही तसाच. वाडीतली पोरे त्याला लहानपणी त्यावरून चिडवीत. रावजीचा हात आपोआप वर गेला व कानाशी थांबला. एवढा मोठा गावकर, पण आपलाच कान धरून सर्वांदेखत उभा राहिला. कोणी हसले नाही. मी मात्र पोटभर हसलो. माझे पोट उघडेच होते.

"माज्या सासूनं मला झाकलान," सखूबाई म्हणाली, "आणि मी हिला उघड्यावर बसवली." मग ती सखारामाकडे वळली. "माज्या भागोजीला सांग, गोदाला दिवस हायत. आणि सांग, आवशीनं सांगितलान. दुसरं कोण काय बोललं तरी आयकू नको."

एवढे बोलून ती गोदाजवळ गेली. क्षमा वगैरे काही मागितली नाही. तिने स्वतःचा बसायचा पाट उचलला आणि गोदापुढे ठेवला.

रावजीचे म्हणाल तर पुढे तो सगळ्यांना सांगत फिरे की वाडीने न्याय केला. न्याय! बोटीच्या वेळेला घाईत केलेला अन्याय एका म्हातारीने अडवला, त्याला हे लोक न्याय म्हणतात. सखूबाईला मात्र त्याच लोकांनी घरदेवापुढे शांतीची पूजा करायला लावली, जुन्या निवेदाच्या दोषापायी. तिने केली. मार्गशीर्षात गोदा बाळंत झाली. चिमाने दवाखान्यात येऊन सांगितले, "बाई, मुलगी. कान दुमडलेला." यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहून दाणा नखाने जरा आत दाबला.

मित्रांनो, त्यानंतर माझे चांगले दिवस फार राहिले नाहीत. यमुनाबाई तापाने वारल्या. वर्ग बंद झाला. आप्पांनी पंचा काढून घेतला आणि मला माळ्यावर टाकले. लाकूड फणसाचे, वाळवीने तोंड लावले नाही; परंतु बनातीला कसर लागली आणि दाणा मुंगीने नेला. पुढे दवाखान्याच्या दुरुस्तीच्या वेळी एका गड्याला मी सापडलो. आत पोकळ, मिटता येतो, कडी आहे. त्याने आप्पांना विचारले आणि आप्पांनी मान हलवली. त्या दिवसापासून माझ्या पोटात खिळे ठेवू लागले. खिळे! माझे नाव उच्चारताना ज्यांची जीभ अडखळत असे, त्यांस माझ्या पोटात गंजलेले लोखंड कोंबताना तिळभर लाज वाटली नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी सखूबाई आली. पार वाकलेली, काठी टेकीत. बरोबर चिमा. नातीचे लग्न ठरले होते. पुतण्यांच्या सुना होत्या. वाडीतल्या बायकांना दाखवायला मी हवा होतो.

"ते आता नाही," आप्पा म्हणाले.

"काय न्हाय?" सखूबाईने विचारले. "नाव घ्या की."

आप्पा खाकरले. चिमा तोवर माळ्यावर चढली होती. तिने मला खाली आणले. सखूबाईने माझी कडी काढली, मला उपडा केला आणि सगळे खिळे आप्पांच्या मेजावर खळखळ ओतले.

"ह्ये तुमचं, आप्पा. आणि ह्यो आमचा."

मग तिने कनवटीची गाठ सोडली. आत नाचणीचा एक दाणा होता. तो तिने माझ्या फाटक्या अस्तरात अंगठ्याने दाबून बसवला. पंचा आप्पा पुढे करीत होते. तिने तो घेतला नाही. मला तसाच उघडा टोपलीत ठेवून त्या दोघी भर बाजारातून निघाल्या. लोक थुंकले. थुंकोत.

मित्रांनो, तुम्हांस मी उपदेश करीत नाही. उपदेश ऐकून माणसे सुधारत नाहीत, हे मी पाहिले आहे. एवढेच मागतो की उद्या तुमच्या पडवीत कोणी लेकसून एकटी बसलेली दिसली, तर तिच्याविषयी निकाल देण्यापूर्वी तिला विचारा. आणि तेवढे धैर्य नसेल, तर निदान आपला कान चाचपून पाहा. तो कोणासारखा दुमडला आहे आणि कोठे रुजला होता, ते आठवेल.